रडल्याने दूध आटत नाही

मा. संपादक महोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १७ नोव्हेंबरला अपुऱ्या दिवसांत जन्मलेल्या बाळांचा जागतिक दिवस पाळला जातो आणि त्याच्या आगेमागे इतक्या ग्रॅमच्या बाळाला डॉक्टरांनी वाचवल्याच्या बातम्या छायाचित्रांसह येतात. बातमी आनंदाची असते, ती यायलाच हवी. मात्र जुळ्यांची बातमी असली की मजकुरात कुठेतरी ‘यांपैकी एक बाळ दगावले’ एवढे एक वाक्य असते आणि लगेच पुढच्या वाक्यात बातमी राहिलेल्या बाळाच्या वजनाकडे वळते. ज्या घरात हे घडलेले असते, तिथे ते वाक्य इतक्या लवकर संपत नाही. आमचे घर त्यांपैकी एक आहे. देवगड तालुक्यातील एका गावात आमची आंब्याची बाग आहे. गेल्या फेब्रुवारीत, एकतिसाव्या आठवड्यात, पत्नीला जुळे झाले. मुलगी पाचवी पुजण्याआधीच गेली. मुलगा आज नऊ महिन्यांचा आहे आणि मी हे लिहीत असताना पडवीत आजीच्या मांडीवर बसून खुळखुळा चावत आहे.

सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे धरतात. २०२० या एका वर्षात जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख मुले जन्मली, त्यांतली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात. जुळ्यांच्या बाबतीत तर निम्म्याहून अधिक मुले मुदत गाठत नाहीत. इतक्या लवकर आलेल्या बाळाच्या फुप्फुसांत, श्वास सोडल्यावर ती मिटून जाऊ नयेत म्हणून लागणारा द्रव पुरेसा तयार झालेला नसतो. मुदतीआधी कळा सुरू झाल्या तर चोविसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यादरम्यान आईला स्टिरॉइडची इंजेक्शने देतात, ती बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणूनच. आमच्या बाबतीत पहिले इंजेक्शन मिळाले आणि पुढची मिळण्याआधीच पत्नी बाळंत झाली. यात कोणाचा दोष होता असे मला वाटत नाही आणि तो शोधण्यासाठी हे पत्र नाही.

मुलगी गेली तेव्हा पत्नी बाळंतिणींच्या कक्षात होती आणि मुलगा नवजात बालकांच्या कक्षात, ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत होता. नातेवाइकांत पहिला खल झाला तो तिला सांगायचे की नाही यावर. सांगितले तर ती रडेल, रडली तर दूध आटेल, दूध आटले तर राहिलेलेही हातचे जाईल, असा तो हिशेब होता, आणि तो करणारी माणसे आमच्यावर जीव टाकणारीच होती. सांगून झाल्यावरही तेच चालू राहिले. ‘रडा नको गो, दूध आटतला,’ हे वाक्य तिने त्या दिवसांत मावशीकडून, जावेकडून, शेजारच्या खाटेवरच्या मुलीच्या सासूकडून, इतकेच काय, भेटायला आलेल्या माझ्या जुन्या गुरुजींकडूनही ऐकले. ऐकून ऐकून तिने रडणे थांबवलेसुद्धा. तोंडात पदराचा बोळा धरून ती भिंतीकडे वळून निजायची. तिच्या बाजूने बोलली ती रात्रपाळीची एक सिस्टर. ती आमच्या मावशीला म्हणाली, ‘रडू दे हो तिला. रडल्याने दूध आटत नाही. काढायचं थांबवलं की आटतं.’

पुढे बालरोगतज्ज्ञांनीही हेच समजावून सांगितले. मनावर ताण असला की पान्हा फुटायला वेळ लागतो हे खरे, पण दूध तयार होणे हे मुख्यतः ते किती वेळा आणि किती पूर्ण काढले जाते यावर चालते. म्हणून दर दोन-तीन तासांनी, रात्रीही उठून, पत्नी हाताने दूध काढून उकळून घेतलेल्या वाटीत धरायची आणि ते नळीने मुलाच्या पोटात जायचे, कारण चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्हींचा मेळ बाळाला साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. सुरुवातीला वाटीच्या तळाला जेमतेम लागेल एवढा पिवळसर चीक यायचा. ती रडत रडत तो काढायची आणि सिस्टर वाटी तिरकी धरून तो सिरिंजमध्ये शेवटच्या थेंबापर्यंत ओढून घ्यायची. दूध आटले नाही. राहिलेल्या बाळासाठी गेलेल्याचा शोक गिळावा लागतो, ही आपल्याकडची समजूत चुकीची आहे आणि तिचा सगळा भार एकट्या आईवर पडतो, एवढेच मला मुख्यतः सांगायचे आहे. बाकीचे त्याच्या अनुषंगाने.

त्याच सिस्टरने मुलीला पुसून, स्वच्छ दुपट्यात गुंडाळून पत्नीच्या हातांत दिले. वडीलधाऱ्यांचा त्याला विरोध होता. एकदा पाहिले की मनातून जात नाही, असे त्यांचे म्हणणे. मी संमती दिली. पत्नीने दुपटे सोडले, मुलीची बोटे एकेक करून उलगडली, कानाची पाळी पाहिली, भुवईवरची बारीक लव मला दाखवली आणि दुपटे पुन्हा होते तसे बांधले. हे चालू असताना माझी आई दाराशी उभी होती. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता आणि तो तिला न दाखवताच नेऊन पुरला होता, हे तिने त्या रात्री आम्हाला पहिल्यांदा सांगितले. तो असता तर आज किती वर्षांचा असता, हे सांगायला तिला बोटे मोजावी लागली नाहीत. न पाहिल्याने मनातून जाते, हे म्हणणाऱ्यांनी तिला एकदा भेटावे.

दात येण्याआधी गेलेल्या मुलाला आपल्याकडे अग्नी देत नाहीत, पुरतात; दहावा, तेरावा, पिंड, श्राद्ध यांतले काही नसते. इतक्या लहान जिवाला पुढच्या वाटेसाठी कसल्या विधीची गरज नाही, असा त्याचा अर्थ आमच्या भटजींनी सांगितला आणि तो मला पटलाही. परंतु विधी केवळ गेलेल्यासाठी नसतात. घरात मर्तिक झाले की गावातून माणूस येतो, चूल पेटलेली नसते म्हणून शेजारून पेज येते, दहा दिवस खळ्यात कोणी ना कोणी बसलेले असते आणि त्या बसण्यातच गेलेल्या माणसाच्या चार गोष्टी निघतात. तान्ह्या बाळाच्या बाबतीत यांतले काहीच घडत नाही. मी आणि धाकटा भाऊ, दोघांनीच तिला बागेच्या वरच्या अंगाला गडग्याजवळ पुरले, आणि संध्याकाळच्या आत मला पुन्हा रुग्णालयात पोचायचे होते. वाटेत भेटलेल्या दोघा-तिघांनी मुलाची चौकशी केली. मुलीविषयी कोणी विचारले नाही, कारण काय विचारायचे असते हे कोणालाच माहीत नव्हते.

आता देवाविषयी. घरात सोयर चालू होते, त्यामुळे देवळाची पायरी चढता येत नव्हती आणि घरच्या देवांनाही शेजारचा मुलगा येऊन फुले वाहून जात होता. माणसाला देवाची गरज ज्या दिवसांत सर्वांत जास्त, नेमकी त्याच दिवसांत ही आडकाठी, याचा मला राग आला होता हे लपवत नाही. पण यावर गावाने आपली तोड फार पूर्वीच काढून ठेवलेली आहे: आपल्याला जाता येत नसेल तर आपल्या वतीने दुसरे कोणीतरी नारळ ठेवते. शेजाऱ्यांनी ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवला आणि वयोवृद्ध मानकऱ्यांनी गाऱ्हाणे घातले. शेजाऱ्यांनी फोन चालू ठेवला होता, त्यामुळे रुग्णालयाच्या जिन्यात उभे राहून मला ते ऐकता आले. ‘बा देवा म्हाराजा, ह्या घराक तू जुळी लेकरां दिलंस. एक तुझ्या पायाकडे इला, एक हंय ऱ्हवला. दोनय लेकरां तुझीच, दोघांकय सांभाळ रे म्हाराजा!’ आणि मागून चार-सहा आवाजांत ‘व्हय म्हाराजा’. आमच्या मुलीचा उल्लेख चारचौघांत, मोठ्या आवाजात, पहिल्यांदा झाला तो तिथे. डॉक्टरांच्या कागदावर तेव्हा एकच बाळ उरले होते आणि नातेवाइकांच्या बोलण्यातही एकच. त्या म्हाताऱ्या माणसाने मात्र दोन्ही लेकरे मोजली. माझी श्रद्धा त्या दिवसांत टिकली असेल तर ती कोणत्याही चमत्कारावर नव्हे, या मोजण्यावर टिकली.

याउलट, देवाचे नाव घेऊन जे सांत्वन केले जाते त्यातले बरेचसे सोसवत नाही. ‘देवाने एक नेलं, एक ठेवलं’ हे वाक्य ऐकताना मला नेहमी वाटते की आपण देवाला फार हलक्या व्यवहारात ओढतो आहोत. एका लेकराच्या बदल्यात दुसरे देणाऱ्या देवाला मी गाऱ्हाणे घालणार नाही. ‘मुलगी गेली, मुलगो ऱ्हवलो ना’ असेही दोघांनी बोलून दाखवले; त्याबद्दल न लिहिलेलेच बरे. काहींनी सुचवले की कौल लावून बघा, कुठे काही चुकले असेल, पाचवीच्या आधी गेली म्हणजे सटवाईचे काही असेल. कौलावर माझा विश्वास नाही असे नाही. बागेतली विहीर कुठे खणायची हे आमच्याकडे कौलानेच ठरले होते. (पाणी लागले. एप्रिलमध्ये तळ दिसतो, तो भाग वेगळा.) पण बाळ का गेले याचा कौल लावला की बोट शेवटी घरातल्या सुनेकडे वळते: ती कुठे गेली होती, तिने काय ओलांडले, तिने कोणता उपास मोडला. म्हणून मी कौलाला नकार दिला, आणि आमच्या मानकऱ्यांनीही ‘ह्या इचारूचा नसता’ म्हणून तो विषय मिटवला. नवसही बोललो नाही.

पत्नीची श्रद्धा माझ्याहून साधी आणि जास्त टिकाऊ आहे. दूध काढताना दोन्ही हात गुंतलेले असायचे, म्हणून तिचा जप ओठांतल्या ओठांत चालायचा. यंत्राची घंटी वाजली की ती जप थांबवून मुलाच्या तळपायाला हलकेच टिचकी मारायची, कारण अपुऱ्या दिवसांची बाळे मधूनच श्वास घ्यायचे विसरतात आणि पुष्कळदा तेवढ्या स्पर्शाने पुन्हा श्वास सुरू होतो, हे सिस्टरने तिला शिकवले होते. मग जप पुढे चालू. जप आणि टिचकी यांतले कोणते उपयोगी पडले, असा प्रश्न तिला कधी पडला नाही. मुलीला का नेलीस, असे ती देवाला विचारत नाही. ‘तिला नीट ठेव’ असे मात्र रोज दिवा लावताना सांगते. श्रावणात, सोमवारची गर्दी टाळून मंगळवारी, आम्ही मुलाला घेऊन कुणकेश्वरला गेलो, तेव्हा तिने बेलाची दोन पाने वेगवेगळी वाहिली. तिच्या मागे उभ्या असलेल्या बाईने त्याचे कारण विचारले आणि तिने ते सरळ सांगितले, पदरात तोंड न लपवता.

मुलाच्या संगोपनाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ते इतरांच्या उपयोगी पडेल. सर्वांत मोठा आधार झाला तो ‘कांगारू मदर केअर’ या पद्धतीचा. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ मध्ये, पेट्या अपुऱ्या पडू लागल्या म्हणून, ती सुरू झाली. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि पायमोजे ठेवायचे, त्याला आईच्या उघड्या छातीवर उभे टेकवायचे, मान एका बाजूला वळवून नाक मोकळे ठेवायचे आणि वरून कापडाने बांधून घ्यायचे. आईच्या अंगाच्या उबेने त्याचे तापमान राखले जाते, श्वास संथ होतो, दूधही चांगले उतरते. बाळाची प्रकृती स्थिर झाल्यावरच हे करायचे, असा पूर्वी दंडक होता. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच कांगारू काळजी सुरू केलेल्या १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांमध्ये पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले, आणि २०२२ मध्ये संघटनेने आपली शिफारस त्यानुसार बदलली. त्यासाठी आईची खाट बाळाजवळ असावी लागते. आम्हाला ही मुभा दिवसातून थोडाच वेळ मिळाली, कारण त्या कक्षात दुसरी खुर्ची मांडायलाही जागा नव्हती. जिल्ह्याजिल्ह्यांत नव्या इमारती बांधल्या जात असताना नकाशातच या खाटांची जागा धरली गेली, तर पुढे यंत्रांवर होणारा बराच खर्च वाचेल.

घरी आल्यावर दुपारची पाळी माझी असे. आजीचे जुने, धुऊन मऊ झालेले सुती लुगडे फाडून आम्ही त्याचा पट्टा केला होता. शर्टाची बटणे सोडून, मुलाला छातीशी बांधून मी माजघरातल्या आरामखुर्चीत बसत असे. आंब्याच्या हंगामात बागायतदार भरदुपारी मूल बांधून बसला आहे, ही गोष्ट वाडीत चवीने सांगितली गेली, आणि नंतर दोन तरुण बाप ते कसे बांधायचे हे बघायलाही येऊन गेले. रुग्णालयात ही पद्धत शिकवताना, जुळे असले तर दोघांना एकाच वेळी घेता येते, असे सिस्टर बोलून गेली होती आणि मग एकदम गप्प झाली होती. मला तिचा राग आला नाही. माझ्या मनात ते आधीच येऊन गेले होते.

बाळंतिणीच्या खोलीतल्या आपल्या रीतींपैकी काही या बाळांना चालत नाहीत. ओवा-शेपांची धुरी, निखाऱ्यांची शेगडी, वेखंडाची पूड उधळणे हे कच्च्या फुप्फुसांना घातक. वजन नीट वाढेपर्यंत रोजची अंघोळ नको, अंग कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून घेणे पुरे. मध, गुटी, साखरपाणी काही नको, केवळ आईचे दूध आणि डॉक्टरांनी दिलेले लोहाचे व ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब. माझ्या आईने चार नातवंडांना धुरी दिलेली आहे. तिने कुरकुर केली, पण शेगडी स्वतःच उचलून पडवीबाहेर नेली. मुलगा घरी आला तो ऐन काढणीच्या दिवसांत, म्हणजे पडवीत पेट्या भरणारे नेपाळी गडी, व्यापाऱ्यांचे टेम्पो, गवत, धूळ, येणीजाणी. पेट्या भरण्याचे काम आम्ही शेजाऱ्यांच्या मांगरात हलवले आणि फवारणीच्या कपड्यांनिशी घरात पाऊल टाकायचे नाही असा नियम केला. भेटायला येणाऱ्यांना पडवीच्या पायरीवरच बसवत होतो. काहींना ते लागले. जी माणसे तरीही येत राहिली, बाळाला न बघता पत्नीशी बोलून जात राहिली, ती आता आमची खरी सोयरी आहेत.

एका तपासणीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही, ती म्हणजे डोळ्यांच्या पडद्याची. या बाळांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण झालेली नसते. ती बिघडली तर पडदा सुटून कायमचे अंधत्व येऊ शकते. वरून डोळे अगदी छान दिसतात, म्हणून घरच्यांना पत्ताही लागत नाही. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची ही तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हावी लागते, फारच लहान बाळांची त्याहून आधी. वेळेवर कळले तर लेसरने दृष्टी वाचवता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या विकाराचा समावेश आहे, उपचार मोफत आहेत. तरीही आपल्या किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरांना पडद्याचे डॉक्टर गाठण्यासाठी घाट चढून कोल्हापूर किंवा सीमा ओलांडून गोवा गाठावा लागतो, आणि ज्या घरात नुकतेच एक मूल पुरलेले असते त्या घरातली माणसे दुसऱ्याला घेऊन गाडीत बसायला घाबरतात. ‘जरा अंगाने भरू दे, मग जाऊ’ असे म्हणतात. हे थांबणे डोळ्यांना महाग पडते. आमच्या गावच्या आरोग्यसेविका असलेल्या आशाताईंनी तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहून, वाहन ठरवून, आम्हाला अक्षरशः घराबाहेर काढले.

वयाच्या बाबतीतही सर्वांना सबुरी हवी. असे मूल मुदतीवर जन्मले असते तर आज किती महिन्यांचे असते, त्या हिशेबाने त्याची वाढ पाहायची असते, आणि हा हिशेब साधारण दोन वर्षांपर्यंत चालतो. लसी मात्र जन्मतारखेनेच द्यायच्या. आमचा मुलगा कागदावर नऊ महिन्यांचा, वाढीने सातचा. ‘अजून रांगत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर देऊन मी थकलो नाही, पण पत्नीला त्या प्रश्नात दुसरा प्रश्न ऐकू येतो: हाही जाणार का? ज्या आईने एक मूल गमावले आहे तिच्या दुसऱ्या मुलाविषयी बोलताना हे ध्यानात असावे. आणि तो काही नवे शिकला की तिला आधी हसू येते, मग रडू येते. त्या वेळी तिला ‘आता कशाला?’ असे विचारू नये.

जिवंत जन्मलेल्या मुलाची, ते काही तासच जगले तरी, जन्म आणि मृत्यू अशी दोन्ही नोंदणी एकवीस दिवसांच्या आत करावी लागते. दप्तरी कारकुनाने नावाचा रकाना रिकामा ठेवला तरी चालेल म्हणून सांगितले. आम्ही नाव सांगितले आणि त्याने ते मान खाली घालून, सुवाच्य अक्षरांत लिहिले. ते नाव इथे देत नाही, पण घरात ते उच्चारले जाते, आणि मुलाचे नाव देवापुढे ठेवताना तेही ठेवले होते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना, मूल जन्मतःच किंवा जन्मानंतर लवकर गेले तर साठ दिवसांची विशेष रजा दिली, हे चांगले झाले. काजूच्या कारखान्यात बिया सोलणाऱ्या, मासळी विकणाऱ्या, कलमांच्या बागेत रोजावर येणाऱ्या बाईला ही रजा कोण देणार? आमच्याच बागेत येणारी एक बाई असे मूल गेल्यावर आठवड्यात कामावर आली होती, कारण घरी बसली तर रोज बुडतो आणि बोलायला तर कोणी नसतेच. तिच्यासारख्यांसाठी निदान ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मानसिक आधारासाठीची मोफत दूरध्वनी सेवा आहे, ती मराठीतही आहे, आणि ती प्रसूती कक्षाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असावी.

आपणास विनंती, की आपल्या जिल्हा पानावर अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांची आणि कानांची तपासणी कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वारी होते आणि वाहनाची सोय कोणाकडे मागावी, याची तालुकावार माहिती एकदा छापावी. ज्यांच्या घरी असे घडले आहे अशा कोणाला बोलावेसे वाटल्यास त्यांनी आपल्या कार्यालयाकडे पत्र द्यावे. माझा पत्ता आपल्याकडे आहे. पत्नीची बोलायला तयारी आहे. सकाळी नको, तेव्हा मुलाचे दूध असते. दुपारी तीननंतर केव्हाही.

कळावे,
आपला नम्र,
एक आंबा बागायतदार,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)